तीन नंबरचा कागद

बॉस्टनहून चिरंजीवांनी पाठवलेलं खोकं दारात आलं तेव्हा मला वाटलं मायक्रोवेव्ह, हिला वाटलं सुका मेवा. उघडलं तर आत काड्या. शेकडो काड्या, रबरबँड लावून बांधलेल्या.

"एवढ्या लांबून सरपण पाठवलंय?" ही म्हणाली.

बँकेतून निवृत्त होऊन मला चार महिने झाले होते. तेवढ्या काळात मी स्वयंपाकघरातल्या डब्यांना लेबलं लावली होती, ती चुकीच्या डब्यांना लागली म्हणून पुन्हा काढली होती, आणि पोळ्या एका आकाराच्या का होत नाहीत यावर हिच्याशी चर्चा करून पाहिली होती. त्या चर्चेनंतरच मायलेकांनी फोनवर हा कट शिजवला असणार. बाबांना गुंतवून ठेवायचं.

काड्यांचं जहाज व्हायचं होतं. 'यूएसएस कॉन्स्टिट्यूशन'. बॉस्टनमध्ये १७९७ साली पाण्यात उतरलेली ४४ तोफांची शिडाची फ्रिगेट अजून तिथेच तरंगते आहे आणि अमेरिकेच्या नौदलाच्या पटावर अजूनही चालू नोकरीत आहे. सव्वादोनशे वर्षं झाली, पण तिला कुणी कायमचं निवृत्त केलेलं नाही. खरं जहाज टोकापासून टोकापर्यंत ३०४ फूट, आमचं त्याच्या शहात्तराव्या हिश्शाचं, म्हणजे बरोबर चार फूट. मी टीव्हीखालचं कपाट मोजलं. साडेतीन भरलं.

किट जुनं होतं. चिरंजीवांनी ते कुणाच्या तरी गॅरेजमधल्या विक्रीत उचललं होतं, आणि ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. आधीच्या मालकाने सूचनापुस्तिकेत पायरी संपली की पेन्सिलीने बरोबरची खूण करायची पद्धत ठेवली होती. खुणा अकराव्या पायरीपर्यंत होत्या. पुढे कोरं. त्या गृहस्थांचं काय झालं हे विचारायचं मी टाळलं.

अशा जहाजात आधी कणा उभा करतात, मग त्यात आडव्या फासळ्या खोचतात. आठवड्याभरात सांगाडा तयार झाला. खाऊन उरलेल्या पापलेटच्या काट्यासारखा दिसत होता, पण जहाज होतं. मी फोटो काढून बँकेतल्या जुन्या मंडळींना पाठवले. मग बारावी पायरी आली. तिथे पुस्तिकेत एकच वाक्य होतं: आता फळ्या बसवा. रुखवताच्या पाच ताटांची यादी द्यावी आणि खाली 'मग लग्न करा' असं लिहावं, त्यातला प्रकार. या एका वाक्याला मला पाच महिने लागले.

फळी म्हणजे पाच मिलिमीटर रुंदीची पट्टी. ती गरम पाण्यात भिजवायची, नाळेच्या गोलाईला हळूहळू वाकवायची, डिंक लावायचा आणि वाळेपर्यंत आवळून धरायची. धरायला दोन हात पुरत नाहीत, म्हणून मी गॅलरीतले कपडे वाळत घालायचे चिमटे घेतले. आधी सहा, मग सगळे. त्या पंधरवड्यात आमच्या घरचे टॉवेल, उशांचे अभ्रे आणि एकदा माझा पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा सोसायटीच्या बागेत उतरला. वॉचमनने तो बाकावर घडी घालून ठेवला आणि वर वजनाला कुंडी ठेवली.

फळ्या लावताना एक डावीकडे, एक उजवीकडे, अशा आळीपाळीने लावायच्या असतात, नाहीतर वाळणाऱ्या डिंकाच्या ओढीने कणाच पिळला जातो. हे मला नंतर कळलं. मी शिस्तीचा माणूस. एक बाजू पूर्ण केल्याशिवाय दुसरी हातात घेत नाही, बँकेतसुद्धा जमेची बाजू संपल्याखेरीज नावेकडे बघत नसे. डावी बाजू सुरेख झाली. सकाळी पाहिलं तर जहाजाचं केळं झालं होतं.

त्याच सुमारास वरच्या मजल्यावर मॉड्युलर किचन करायला आलेला सुतार डोकावला. त्याने ते केळं हातात घेतलं, एक डोळा मिटून कण्याकडे पाहिलं, अंगठ्याने सांधे चाचपले. माझी छाती धडधडत होती. "साहेब," तो म्हणाला, "माल चांगलाय. पण वरून लॅमिनेट मारून टाका. काही दिसायचं नाही." जाता जाता त्याने तो प्रश्न विचारला जो आजवर घरी आलेल्या प्रत्येकाने विचारला आहे: "पाण्यात चालतं का?"

सगळ्या फळ्या सोडवून पुन्हा लावल्या. डिंक वाळेपर्यंत काय करायचं, म्हणून मी या जहाजाचा इतिहास वाचायला घेतला, आणि तिथेच माझं आणि त्याचं बिनसलं.

१८१२ साली इंग्रज आणि अमेरिकन यांचं युद्ध चालू होतं. २९ डिसेंबरला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ या कॉन्स्टिट्यूशनने 'जावा' नावाची इंग्रजी फ्रिगेट फोडून काढली. आता जावा चालली कुठे होती? मुंबईला. तिच्यात आपल्या गोदीत बांधायच्या जहाजांसाठी तांब्याचे पत्रे होते आणि एका नव्या फ्रिगेटचा नकाशा होता. जावाची इतकी चाळण झाली होती की अमेरिकनांनी ती पेटवूनच दिली. इकडे जमशेटजी बमनजी वाडिया नकाशाची वाट बघत बसले. तो दुसऱ्यांदा पाठवावा लागला. जहाजाचं काम सुरू व्हायला १८१६ उजाडलं. पारशी रिवाजाप्रमाणे जमशेटजींनी कण्यात चांदीचा खिळा ठोकला, वर मलबारचा साग चढला, आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला 'त्रिंकोमाली' मुंबईच्या पाण्यात उतरली. ती अजूनही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. तीस वर्षं मी बँकेत जाताना लायन गेटवरून, म्हणजे त्या गोदीच्या भिंतीला घासून गेलो, आणि घरी चार फुटांची कुठली बांधत होतो, तर तिचा नकाशा बुडवणारी!

जावावर एक उतारूही होता, सर टॉमस हिस्लॉप. मुंबईच्या फौजेचा सरसेनापती म्हणून निघालेला. अमेरिकनांनी त्याला शब्दावर सोडून दिलं. पुढे २१ डिसेंबर १८१७ ला महिदपुरात होळकरांच्या फौजेचा पराभव करणारा हिस्लॉप तो हाच. नकाशा पोचला असता तरी चाललं असतं हो, माणूस तेवढा अडवायला हवा होता.

हे सगळं मी हिला जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "मग त्याचा राग चिमट्यांवर का?"

रागावून काम थांबत नाही. जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे लावायचे होते, एकेक नखाएवढा, दोन्ही बाजू मिळून दोन हजारांच्या घरात. झटपट चिकटणाऱ्या डिंकाने पत्र्याआधी माझी तर्जनी आणि अंगठा एक झाले, आणि दोन तास मी सगळ्या जगाला 'छान' अशी खूण करत हिंडलो. पत्रे काळपट दिसू लागले तेव्हा हिने चिंच-मिठाची वाटी आणून समोर ठेवली. तिच्या देव्हाऱ्यातली ताम्हनं माझ्या जहाजापेक्षा नेहमीच जास्त चमकतात. मी चिंच लावली. चमक आली, आणि एकोणीस पत्रे निघाले.

मग डोलकाठ्या उभ्या राहिल्या आणि दोर ओवायची वेळ आली, तेव्हा तीन नंबरचा कागद सापडेना. नकाशे चार होते. पहिला सांगाड्याचा, दुसरा फळ्यांचा, चौथा तोफांचा आणि शिडांचा. तिसऱ्यावर सगळे दोर होते, कुठला कुठून निघून कुठल्या कप्पीतून कुठल्या खुंटीला जातो ते. घर पालथं घातलं. रद्दीवाल्याकडे जाऊन आलो. कामाच्या मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कागद म्हणजे कसला, पेपर का?" आणि मी काय उत्तर द्यावं या विचारात असताना निघून गेल्या. मुंबईला लंडनहून दुसरी प्रत आली, मी कुठून आणणार?

शेवटी चिरंजीवांनी सुट्टीच्या दिवशी बंदरावर जाऊन खऱ्या जहाजाचे फोटो काढून पाठवले. त्यातल्या अर्ध्यांत जहाजापुढे सूनबाई उभी होती. त्या फोटोंवरून आणि अंदाजाने मी दोर लावत गेलो. खलाशी डोलकाठीवर चढतात त्या दोरशिडीच्या प्रत्येक पायरीला, प्रत्येक उभ्या दोरावर, दुहेरी वेढ्याची गाठ मारायची असते. एका शिडीत दोनशेच्या वर गाठी. माझ्या गाठी म्हणजे गांधीलमाशीची पोळी. ही दोन दिवस नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सरका." हिने उभा जन्म अबोलीचे गजरे विणलेत. दोरा दाताखाली धरून, टीव्हीवरची मालिका बघत, जहाजाकडे ढुंकूनही न पाहता तिने एका संध्याकाळी एक शिडी संपवली. सगळ्या गाठी एका मापाच्या. महिन्याभरात मी फक्त दोर कापून देण्यापुरता उरलो.

एक काम मात्र मी कुणाला करू दिलं नाही. जावाशी लढताना कॉन्स्टिट्यूशनचं सुकाणूचं चाक तोफेच्या गोळ्याने उडालं होतं. तेव्हा त्यांनी जावाचंच चाक काढून आपल्या जहाजाला बसवलं. किटमधलं चाक शर्टाच्या बटणाएवढं होतं. चिमट्यात धरून, श्वास रोखून, मी ते जागेवर ठेवलं. तेवढी एकच वस्तू त्या जहाजात मुंबईकडे यायला निघालेली होती.

जहाज पुरं झालं. कपाटाबाहेर अर्धा फूट येतं, येता-जाता सगळ्यांच्या कोपराला लागतं.

दिवाळीआधी माळ्यावरचे फराळाचे डबे काढायला मी शिडीवर चढलो. चकलीच्या डब्याखाली, छान चौकोनी घडी करून, तीन नंबरचा कागद अंथरलेला होता. मधोमध तेलाचं वर्तुळ. त्या वर्तुळातून स्पष्ट दिसत होतं की मागच्या डोलकाठीचे दोर मी सगळेच्या सगळे उलट लावले होते.

"सापडलं का काही?" खालून हिने विचारलं. तिच्या बोटांना अजून काळ्या दोऱ्याचे वळ होते.

"चकलीचा डबा," मी म्हणालो, आणि कागद होता तसा अंथरून ठेवला.