तेलावरचा आळ

टू-स्ट्रोक इंजिनाच्या ब्रश कटरमधून तेल गळते, ही फिर्याद मुळातच संशयास्पद होय. कारण ज्या इंजिनात तेलाची स्वतंत्र कोठीच नाही, त्याने तेल गाळावे तरी कोठून? फोर-स्ट्रोक इंजिनाच्या पोटाशी तेलाचा हौद असतो, आणि बुडाशी तेल दिसले की त्या हौदाला जाब विचारता येतो. टू-स्ट्रोकचा कारभार निराळा. इंग्लंडातील बाथ शहरी जोसेफ डे नावाच्या गृहस्थाने 1891 साली जी रचना पेटंटात नोंदविली, तीत क्रँकची पेटीच हवा आणि इंधन दाबण्याच्या कामाला जुंपली गेली. तेथे तेल साठविण्यास जागा उरली नाही, आणि पुढे तेलाने पेट्रोलातच मिसळून प्रवास करावा असा शिरस्ता पडला. टाकीत असेतोवर दोघे एकजीव असतात. बाहेर पडताच पेट्रोल हवेत पसार होते आणि तेल तेवढे चिकटून मागे राहते. सोसायटीचा मूळ कर्जदार परागंदा व्हावा आणि जप्तीची नोटीस जामीनदाराच्या दारावर डकवली जावी, त्यातलाच हा न्याय.

दवनीवाड्यास हा सिद्धान्त पटवून देणे मात्र सोपे नाही. गोंदिया तालुक्यातले हे आमचे गाव धानाच्या मुलखातले. आणि गावात पोलीस ठाणे असल्यामुळे पंचनामा, जबानी, मुद्देमाल हे शब्द पानठेल्यावरसुद्धा अस्खलितपणे उच्चारले जातात, मग आरोपी सापडण्यापूर्वीच निकाल सांगून मोकळे होण्याची हौस दांडगी असल्यास नवल नाही. श्रावण सरता सरता बांध्यांच्या धुऱ्यांवरचे गवत कमरेला लागते; तलावाच्या पाळीवर बेशरम आपले नाव सार्थ करीत असते; आणि 1950 च्या दशकात पुण्याकडे प्रथम नजरेस आलेले गाजरगवत, साऱ्या महाराष्ट्राची सनद मिळाल्याच्या थाटात, शाळेच्या कुंपणापर्यंत येऊन ठेपलेले असते. अशा समयी आमच्या शेजारच्या भाऊंनी ब्रश कटर खरेदी केला. मोटार धुण्याच्या ठिकाणचे फिरते ब्रश पाहून ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांना 1971 मध्ये नायलॉनच्या दोऱ्याने गवत छाटण्याची युक्ती सुचली, आणि पहिला प्रयोग त्यांनी पॉपकॉर्नच्या डब्यावर केला, असे सांगतात. बेशरमाचे खोड त्यांच्या अंगणात नसावे. भाऊंनी पहिल्याच दिवशी दोरा काढून पोलादी पाते चढविले.

दुसऱ्या हंगामात भाऊ यंत्र खांद्यावर टाकून माझ्या ओसरीवर आले आणि म्हणाले, "गुरुजी, मशीन गळून रायली जी. पुरं ऑईल वाहून रायलं." मी शाळेत विज्ञान शिकवीत असे, एवढ्यावरून गावाने मला इंजिनांचाही मुखत्यार नेमले आहे.

पंच मंडळी न बोलावता जमली. यंत्राचे काहीही बिघडले तरी "ऑईल सील गेलं" असे म्हणणारा एक वर्ग आमच्या गावात आहे. तो प्रथम बोलला. ज्यांचे तारुण्य स्कूटर कलती करून चालू करण्यात गेले, त्यांनी गळणाऱ्या टाकीवर साबणाची वडी चोळण्याचा जुना उपचार सुचविला. एक वयोवृद्ध गृहस्थ वास घेऊन निदान करण्याच्या इराद्याने टाकीवर ओणवे झाले; गोंदिया हा बिडीच्या धंद्याचा मुलूख आणि गृहस्थांच्या ओठांतील बिडी पेटलेली, त्यामुळे माझ्या ओसरीच्या इतिहासात प्रथमच मला एका वडीलधाऱ्या माणसाला दंडाला धरून अंगणाबाहेर पोचवावे लागले.

सीलवरील आरोपाचा निकाल यंत्राने स्वतःच दिला. क्रँकचे सील खरोखर फाटले, तर इंजिन त्या वाटेने बाहेरची हवा ओढून घेते, मिश्रणात पेट्रोलचा आणि पर्यायाने तेलाचाही तुटवडा पडतो, मग यंत्र कोणी न सांगता भरधाव ओरडू लागते आणि शेवटी तापून पिस्टन धरते. भाऊंचे यंत्र तर चालू करून ठेवले असता संथपणे फटफटत होते. तरीही हे सील पूर्वीच एकदा बदलले गेले होते! गोंदियाच्या एका मिस्त्रीकडे भाऊ यंत्र घेऊन गेले होते. बसमध्ये पेट्रोल नेता येत नाही म्हणून टाकी रिकामी करून नेले. रिकाम्या टाकीचे यंत्र तेथे अर्थातच गळले नाही. आणि गळत नसलेल्या यंत्राचे करायचे काय, अशा विवंचनेत मिस्त्रीने सील बदलून दिले. डॉक्टरसमोर खोकला थांबतो असे आपण म्हणतो. येथे रोग्याचे रक्तच दवाखान्याच्या दारात काढून घेतले गेले होते.

गळती शोधताना ओल जेथे ठिबकते तेथे पाहू नये, ओलीचा सर्वांत वरचा काठ पाहावा. कारण द्रव खाली येताना वाटेतल्या प्रत्येक स्क्रूच्या दारी थांबून त्यालाही गुन्ह्यात गोवीत येतो. म्हणून यंत्र चिंधीने लख्ख पुसले, टाकी काठोकाठ भरली, खाली जुने वर्तमानपत्र अंथरले, आणि नातवाच्या डब्यातली पावडर संशयित जागांवर भुरभुरवली. ओसरीला बारशाचा सुगंध आला. टोपणाच्या श्वासछिद्राभोवतीची पावडर कोरडी राहिली. हे छिद्र बुजले तर भर उन्हात टाकीत वाफ कोंडते आणि पेट्रोलला कार्बोरेटरची सुई ढकलून एअर फिल्टरमधून बाहेर पडण्याची दुर्बुद्धी होते. पण फिल्टरही कोरडा होता. पेट्रोल चढविण्याच्या रबरी फुग्यावरही डाग नव्हता. काळवंडली ती टाकीत नळी शिरते तेथील रबरी बुचाभोवतीची पावडर.

नळी ओढून पाहिली तो ती लाकडासारखी ताठ, आणि वाकविताच केसाएवढी चीर उघडी पडली. आजच्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या धर्तीचे रबर त्याच्या सहवासात आधी फुगते, मग कडक होते, मग तडकते. टाकी अर्ध्याहून खाली गेली की चीर पातळीच्या वर राही आणि गळती आपोआप थांबे. भाऊ याला "मशीनचा मूड" म्हणत. नवी नळी अल्प किमतीत आली, तिचे टोक तिरके कापून, तारेने ओढून बसविले, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र कोरडे निघाले. मी संधी साधून जमलेल्या पंचांसमोर तेलाच्या निर्दोषत्वावर किंचित लांबलेले व्याख्यान दिले.

त्या व्याख्यानाचा परिणाम पुढच्या आठवड्यात दिसला. यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत 25 भाग पेट्रोलास एक भाग तेल, म्हणजे लिटरमागे 40 मिलिलिटर, असे स्पष्ट लिहिले असता भाऊ ते अंदाजाने ओतीत, आणि अंदाज नेहमी उदार असे. न जळलेल्या तेलाचा काळा कुट्ट ओघळ सायलेन्सरच्या तोंडातून थेट पात्याच्या दांड्यापर्यंत आलेला पाहून मी म्हणालो, "भाऊ, हे मात्र खरोखरच तेल आहे. तुम्ही ओतलेले."

भाऊंनी बोटाने ओघळ पुसला, बोट धोतराला पुसले आणि माझ्याकडे करुणेने पाहिले.

"काय जी गुरुजी," ते म्हणाले, "तेल कधी गळत नाही म्हणून तुम्हीच तर सांगितलं साऱ्यांसमोर. पेट्रोलच असन ते. वाळलं नसन अजून."