वही, शिट्टी आणि रणगाडा

ओळखपत्र विसरलेल्या विद्यार्थ्याने कुठल्याही विद्यापीठाच्या फाटकातून दहा मिनिटांत आत शिरून दाखवलं, तर त्याला तिथल्या तिथे मानद डी.लिट. द्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. पोरगं तीन वर्षं त्याच फाटकातून जा-ये करतंय. फाटकावरच्या काकांना त्याचं गाव ठाऊक, त्याचे किती विषय राहिलेत ते ठाऊक, त्याची गाडी तर नुसत्या आवाजावरून ठाऊक. पण गळ्यात कार्ड नाही म्हणजे इसम अनोळखी.

"काका, ओळखता ना मला?"

"ओळखतो की. कार्ड दाखव."

"रूमवर राहिलं."

"मग जा, घेऊन ये."

"अहो काका, रूम आतच आहे ना, होस्टेलला!"

काका क्षणभर गप्प. हा पेच त्यांच्या ड्युटीच्या कागदात नाही. मग ते टेबलावरची वही पुढे सरकवतात. "एंट्री कर."

आपल्याकडच्या समस्त गुन्हेप्रतिबंधक शास्त्राचा पाया म्हणजे ही वही. नाव, कुठून आले, कोणाकडे जायचे, कामाचे स्वरूप, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सही. शेजारी सुतळीने बांधलेलं पेन. कामाच्या स्वरूपाखाली सगळेजण 'काम' असं लिहितात. नाव वाटेल ते लिहावं; एकाच दुपारी एकाच पानावर दोन सचिन तेंडुलकर आत गेलेले आम्ही पाहिले आहेत, अक्षरं मात्र निराळी होती. जाण्याच्या वेळेचा रकाना कुणीच भरत नाही. म्हणजे दप्तराप्रमाणे विद्यापीठ निघाल्यापासून जे जे आत गेले, ते ते अजून आतच आहेत. काही विभागांतले संशोधक पाहिले की दप्तराला खोटं म्हणवत नाही.

तर अशा वह्यांच्या राज्यात 2023 च्या एप्रिलमध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत चित्रित झालेलं एक रॅप गाणं जगापुढे आलं. गाण्यात शिव्या, टेबलावर तलवार, पिस्तूल आणि दारूची बाटली. गाणं गावभर वाजल्यावर विद्यापीठाला जाग आली. मग चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा, चौकशी समिती, सगळं रीतसर झालं. आमची शंका एवढीच, की मंडळींनी कामाच्या स्वरूपाखाली काय लिहिलं असेल? 'काम'च लिहिलं असणार.

बिचाऱ्या इमारतीला हे नवं नाही. ती मूळची मुंबईच्या गव्हर्नराचा पुण्यातला बंगला. 22 जून 1897 च्या रात्री तिथे व्हिक्टोरिया राणीचा हीरकमहोत्सव साजरा झाला आणि परतीच्या वाटेवर, गणेशखिंडीच्या रस्त्यात, चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडला गाठलं. एवढ्या बंदोबस्तात 'गोंद्या आला रे' या हाळीचा अर्थ एकाही शिपायाला लागला नाही. आजचा रक्षक असता तर त्याने निदान गोंद्याकडे कार्ड मागितलं असतं, हे मान्य. पण कार्डवाल्याचं काय करायचं? 22 जुलै 1931 रोजी हंगामी गव्हर्नर हॉटसन फर्ग्युसनच्या वाडिया ग्रंथालयात आले आणि वासुदेव बळवंत गोगट्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. गोगटे फर्ग्युसनचेच विद्यार्थी. आजच्या नियमांनीसुद्धा त्यांना ग्रंथालयात सोडावंच लागलं असतं. फार तर पिशवी बाहेर ठेवायला सांगितली असती.

काकांवर आमचा राग नाही. ज्या ठेकेदाराचा दर सगळ्यात कमी, त्याला काम. आणि दर कमी कसा झाला हे काकांच्या पगाराच्या चिठ्ठीत दिसतं. बारा तासांची ड्युटी, एक प्लास्टिकची खुर्ची, दुसऱ्या कुणाच्या तरी मापाचा गणवेश. शस्त्रं दोन. दुचाकीवर तिघे दिसले तर शिट्टी वाजवायची, झाडाखाली दोघे दिसले तर काठी आपटायची. एकट्याबद्दल सूचना नाहीत. त्यामुळे दुसऱ्याची लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून एकटाच रमतगमत निघालेला माणूस ज्ञानार्जन करून परतलेला मानला जातो. सायकलतळावर तर आधीच पाटी आहे: 'वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत.' सुरक्षा विभागाने लेखी दिलेलं एवढं प्रामाणिक निवेदन दुसरं नाही.

एकट्या माणसाचा महिमा 2025 च्या जूनमध्ये पवईच्या आयआयटीने अनुभवला. एक तरुण पीएच.डी.चा विद्यार्थी म्हणून तिथे सुमारे दोन आठवडे राहिला. रात्री सोफ्यावर झोपायचा, दिवसा वर्गात बसायचा. त्याच्या हेतूचा तपास पोलिसांनी करावा. आम्हाला कौतुक वाटतं ते हजेरीची सक्ती नसताना वर्गात बसण्याचं. खऱ्या विद्यार्थ्याने एवढी हजेरी लावली असती तर त्याच्यावर संशय आधीच आला असता. तसं पवईत 2019 मध्ये एक गायसुद्धा वर्गात शिरली होती. तिच्याकडेही कार्ड नव्हतं.

आता हे सगळं वरपर्यंत पोचत नाही असं कुणी समजू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने या विषयाचा दोनदा अभ्यास केला आणि दोनदा वेगवेगळी उत्तरं काढली. दिल्लीतल्या 2012 च्या डिसेंबरमधल्या अत्याचारानंतर आयोगाने एक कृतिदल नेमलं. त्याचा 'सक्षम' नावाचा अहवाल 2013 मध्ये आला. त्यात दिवे लावा, रात्रीच्या वाहतुकीची सोय करा, स्वच्छतागृहं बांधा, असल्या क्षुल्लक मागण्या होत्या. वर असंही होतं, की सुरक्षेच्या नावाखाली मुलींना वसतिगृहात वेगळे नियम लावू नका, त्यांच्या हिंडण्याफिरण्यावर पहारे बसवू नका. आता सांगा, अशा अहवालातून टेंडर काय निघणार? दिव्यांचं निघतं, पण ते फारच लहान.

ती चूक 2015 च्या एप्रिलमध्ये सुधारली. नव्या मार्गदर्शक सूचनांत भिंत सहजी चढता येणार नाही एवढी उंच, तिच्यावर काटेरी तारेची गुंडाळी, प्रवेशद्वारं तीन किंवा त्याहून कमी, प्रत्येक दारावर निदान तीन सशस्त्र रक्षक, पिशव्यांची झडती, शक्य तिथे आवारातच पोलीस ठाणं. ही यादी वाचून येरवड्याच्या तुरुंगाधिकाऱ्यालाही आपण फार ढिले पडतो की काय असं वाटावं. शिवाय हजेरी बोटाच्या ठशाने, म्हणजे विद्यार्थी कुठे आहे ते पक्कं कळत राहील. पोरीबाळींना सही करता यावी म्हणून ज्या सावित्रीबाईंनी अंगावर शेण झेललं, त्यांच्या देशात पीएच.डी.च्या मुलीने रोज सकाळी अंगठा उठवायचा, ही प्रगती थोडी नव्हे.

याच सूचनांत दर पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक-समुपदेशक नेमायला सांगितला आहे. त्याने पोरांच्या पालकासारखं वर्षभर त्यांच्या संपर्कात राहायचं. कल्पना उत्तम. फक्त आपल्याकडे निम्मं शिकवणं तासिका तत्त्वावर चालतं. सर दोन तास घेऊन तिसऱ्यासाठी दुसऱ्या कॉलेजात पळत असतात आणि तासिकेच्या दरात पालकत्व धरलेलं नसतं. त्यामुळे बहुतेक ठिकाणी समुपदेशकाआधी तारेची गुंडाळी आली. तार कायम नोकरी मागत नाही.

मुलींच्या वसतिगृहाचं दार संध्याकाळी लावून घेणं हा आपल्या गुन्हेप्रतिबंधाचा सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त उपाय. त्यामागचं गणित असं: रस्त्यावर गुंड आहे आणि मुलगी आहे. दोघांतलं एक कमी केलं की गुन्हा होत नाही. गुंडाचा पत्ता मिळत नाही, मुलीचा वहीत असतो. दिल्लीच्या मुलींनी 2015 मध्ये 'पिंजरा तोड' म्हणत याच कुलपांविरुद्ध मोर्चे काढले. बनारस हिंदू विद्यापीठात 2017 च्या सप्टेंबरमध्ये एका विद्यार्थिनीची आवारातच छेड काढली गेली. मदत मागितली तर 'इतक्या उशिरा बाहेर कशाला' हे ऐकावं लागलं, अशी मुलींची तक्रार होती. त्या फाटकाशी येऊन बसल्या. उत्तर म्हणून लाठ्या आल्या आणि सुमारे हजार अज्ञात विद्यार्थ्यांवर गुन्हा नोंदवला गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपल्याला ठाऊक आहे; पण तिच्यात संन्यासी एकच होता.

त्याच आवारात 2023 च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला, ऐन मध्यरात्री, तिथल्याच आयआयटीच्या एका विद्यार्थिनीवर बंदुकीच्या धाकाने अत्याचार झाला. आरोपी हाती लागायला सुमारे दोन महिने गेले. तोडगा मात्र दोन दिवसांतच निघाला: आयआयटी आणि विद्यापीठ यांच्यामध्ये भिंत बांधू या! एका आवाराचे दोन तुकडे केले की प्रत्येकाच्या वाट्याला निम्मा गुन्हा येईल, असा हिशेब असावा. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध आंदोलन केलं, कारण भिंतीच्या कुठल्या बाजूला गुंड राहणार हे नकाशात दाखवलेलं नव्हतं.

कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठवाल्यांची दृष्टी याहून उंच. तिथे 2023 च्या ऑगस्टमध्ये पहिल्या वर्षाचा एक मुलगा वसतिगृहात रॅगिंगपायी जिवाला मुकला. तेव्हा राज्यपालांनी थेट इस्रोच्या अध्यक्षांशी बोलून रॅगिंग रोखायचं तंत्रज्ञान मागितलं. त्याच महिन्यात चांद्रयान दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं होतं, त्यामुळे इस्रोला काहीच अशक्य नाही असं साऱ्या देशाला वाटत होतं. वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावर काय चाललंय हे उपग्रहाला दिसेल. रेक्टरना दिसत नाही, कारण ते तळमजल्यावर राहतात.

पोलिसांना आत बोलवावं की नाही, हा प्रश्न मात्र आपल्या देशाने चांगला घोळवला आहे. 15 डिसेंबर 2019 रोजी दिल्लीत जामिया मिलियाच्या ग्रंथालयात पोलीस शिरले, तेव्हा परवानगी घ्यायला वेळ नव्हता. 5 जानेवारी 2020 रोजी जेएनयूत तोंडं बांधलेला जमाव लोखंडी सळ्या घेऊन होस्टेलांतून फिरत होता, तेव्हा तेच दिल्ली पोलीस फाटकाबाहेर परवानगीच्या कागदाची वाट पाहत उभे होते. तीन आठवड्यांत केवढी ही शिस्त! आणि सळईवाल्यांनी वहीत एंट्री केली होती का, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

पुण्यातही फेब्रुवारी 2024 मध्ये विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचं नाटक चालू असताना ते बंद पाडलं गेलं. नाटक रामलीलेत काम करणाऱ्या नटांच्या पडद्यामागच्या गमतीजमतींचं. अटक झाली ती विभागप्रमुखांना आणि पाच विद्यार्थ्यांना. दुसऱ्या दिवशी केंद्रात घुसून तोडफोड झाली. म्हणजे नट कोठडीत, प्रेक्षक रंगमंचावर. प्रायोगिक रंगभूमीने आजवर एवढं धाडस केलं नव्हतं.

राहता राहिला रणगाडा. जेएनयूचे तेव्हाचे कुलगुरू जगदेश कुमार यांनी 2017 च्या जुलैमध्ये, कारगिल विजयाच्या कार्यक्रमात, आवारात ठेवायला लष्कराचा एक रणगाडा मिळवून द्यावा अशी विनंती केंद्रीय मंत्र्यांना केली. विद्यार्थ्यांना सैन्याच्या त्यागाचं स्मरण राहावं, हा उद्देश. टीकाकारांनी भलतेसलते अर्थ काढले. आम्हाला त्यातली व्यावहारिक बाजूच दिसते. रणगाडा तीन पाळ्यांत काम करतो, ठेकेदाराकडे पगाराची थकबाकी मागत नाही, आणि झाडाखाली बसलेल्या दोघांना उठवायला त्याला काठी लागत नाही. अशी दूरदृष्टी वाया जात नसते. 2022 मध्ये कुमारसाहेब विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले.

पण रणगाडा महाग पडतो, आणि प्रत्येक कॉलेजला एकेक द्यायचा तर देशाच्या सीमेवर काय ठेवणार? म्हणून आम्ही एक बिनखर्ची योजना सुचवतो. आधार भक्कम आहे. महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्ध कायदा 1999 पासून आहे. आयोगाचे नियम 2009 चे. त्या नियमांनुसार प्रत्येक विद्यार्थी दरवर्षी 'मी रॅगिंग करणार नाही' असं लिहून देतो, खाली पालकही लिहून देतात. एवढ्या सोप्या उपायाचा लाभ फक्त विद्यार्थ्यांना का? तो चोर, खिसेकापू, छेड काढणारे, सळईवाले, तोंडं बांधून येणारे अशा सर्व घटकांपर्यंत पोचला पाहिजे. त्यासाठी नमुना सूचना तयार आहे; कुलसचिवांनी फक्त शिक्का मारावा:

'आवारात गुन्हा करू इच्छिणाऱ्या सर्व इसमांना कळविण्यात येते की, "मी चालू शैक्षणिक वर्षात गुन्हा करणार नाही" असे प्रतिज्ञापत्र पालकांच्या स्वाक्षरीसह ऑनलाइन भरणे बंधनकारक आहे. तोंडावर फडके बांधलेला फोटो ग्राह्य धरला जाणार नाही. मोबाइल क्रमांक आधारशी जोडलेला असावा. प्रतिज्ञापत्र न भरणाऱ्यास गुन्ह्यासाठी प्रवेश मिळणार नाही. संकेतस्थळ तांत्रिक कारणास्तव बंद असल्याने अर्जाची मुदत पुढील सूचनेपर्यंत वाढविण्यात आली आहे. तोपर्यंत फाटकावरील वहीत नोंद करून आत जावे.'