गनिमी निद्रा

लॉस एंजेलिस शहरात १९८३ पासून एक नियम होता: गाडीत राहायचं नाही. राहणं म्हणजे काय, हे मात्र नियमाने सांगितलं नव्हतं. मागच्या सीटवर पांघरूण आणि डबा असला की माणूस राहतो, की स्टिअरिंगवर मान टाकून डुलकी काढली की राहतो? हे कोडं न्यायालयालाही सुटेना, म्हणून २०१४ मध्ये अपिलात तो नियम रद्द झाला. नगरपालिका काही खजील झाली नाही. २०१६ मध्ये तिने नवा नियम केला. त्यानुसार निवासी रस्त्यांवर रात्री नऊ ते सकाळी सहा गाडीत मुक्काम करता येत नव्हता आणि शाळा, पाळणाघर, बाग यांच्या आसपास तर दिवसाही नाही. म्हणजे रात्री झोपायचं असेल तर गोदामांच्या रांगेत जा, आणि घरांच्या शेजारी झोपायचं असेल तर दुपारी झोपा. पुणेकराला यात काहीच वावगं वाटणार नाही.

उत्तरेकडे माउंटन व्ह्यू आहे, गूगलचं गाव. तिथल्या मतदारांनी २०२० मध्ये प्रश्न टेपने सोडवला. गाडी बावीस फुटांहून लांब, किंवा सात फुटांहून रुंद वा उंच असेल, तर चाळीस फूट किंवा त्याहून अरुंद रस्त्यावर ती उभी करायची नाही. कायद्यात गरिबांचं नावसुद्धा नाही. आहेत ते फूट. आता या मापात नेमक्या त्याच जुन्या, गंजक्या आरव्ही, म्हणजे चाकांवरची घरं, बसतात, ज्यांत स्वयंपाकी, माळी आणि बांधकामावरचे लोक राहतात, हा भूमितीचा दोष. दिवसा लॉनवर गवत कापणारा माणूस दिसलाच पाहिजे, रात्री त्याची गाडी दिसता कामा नये, एवढीच घरमालकाची माफक अपेक्षा असते. बिनड्रायव्हरची मोटार बनवणाऱ्या कंपनीचं मुख्यालयही याच गावात आहे. माणसाविना चालणाऱ्या गाडीचं तिथे कोण कौतुक! माणसासकट उभी असलेली तेवढी खुपते.

ऑरेगॉनमधल्या ग्रँट्स पासची तऱ्हा आणखी सूक्ष्म. तिथल्या तेव्हाच्या नियमानुसार सार्वजनिक जागी अंथरूण-पांघरूण टाकून मुक्काम केला की तो तळ, मग तंबू असो वा गाडी. २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी गावाची बाजू घेतली: बेघर असल्याबद्दल कुणाला शिक्षा नाही, शिक्षा तळ ठोकल्याबद्दल. थंडीत कुडकुडत बसणारा सज्जन नागरिक. त्याने पांघरूण ओढलं की गुन्हेगार.

मग उरतो गनिमी कावा. गाडीत झोपणाऱ्यांनी तो चांगलाच घोटवला आहे. पहिलं सूत्र, जिथे झोपायचं तिथे जगायचं नाही. जेवण दुसऱ्या पेठेत, दात घासणं तिसऱ्या, आंघोळ चोवीस तास उघड्या जिममध्ये. (महिन्याची वर्गणी भरून वजनाला हात न लावणारे हे सभासद जिमवाल्यांचे लाडके असावेत.) अंधार पडल्यावर यायचं, इंजिन बंद करायचं आणि दार न उघडता पुढच्या सीटवरून मागे सरकायचं. दार सरकवल्याचा आवाज झाला की समोरच्या बंगल्यातला पडदा हललाच म्हणून समजा. खिडक्यांना मापाने कापलेलं चंदेरी फॉइल आणि त्यावर काळं कापड. कूस बदलायची तीही बेताने, कारण गाडी हलते. एवढं करून घात करतो तो श्वासच. रात्रभर सोडलेली वाफ काचांवर जमते आणि पहाटे साऱ्या रस्त्यात एकाच गाडीच्या काचा आतून ओल्या असतात. म्हणून छतावर बिनआवाजाचा पंखा हवा. शिवाय बाटली हवी. तिच्याविषयी सभ्य सदरात एवढंच.

आपल्या माणसाला हे जमेल का? मला शंका आहे. आपण कुजबुजतो तेही शेजाऱ्याला ऐकू जाईल असंच. फोनवर भारत लांब आहे या हिशेबाने बोलतो. आणि फोडणी! हिंग-मोहरी तडतडली की अख्ख्या ब्लॉकला पत्ता लागेल. घोरण्याचं तर बोलायलाच नको.

आता हौशी मंडळी. लाखभर डॉलर खर्चून स्प्रिंटर नावाच्या मोठ्या व्हॅनमध्ये लाकडी ओटा आणि गादी बसवायची आणि रोज सकाळी कॉफीचा मग धरून फोटो टाकायचा. लपून झोपायचं आणि उठल्या उठल्या जगाला दाखवायचं, हे तंत्र शिवरायांच्या हेरखात्याला पटलं नसतं.

खरा कसबी पांढरी, बिनखिडक्यांची मालवाहू व्हॅन घेतो. टपावर शिडी, डॅशबोर्डवर केशरी जाकीट आणि हेल्मेट, दाराला चुंबकाने चिकटवलेली प्लंबरची पाटी. भल्या वस्तीत माणूस झोपलेला चालत नाही, पण प्लंबरची गाडी रात्रभर उभी असली तर उलट धीर येतो. यातला धोका एकच. पहाटे कुणी दार ठोठावलं तर पोलीस समजून घाबरू नका. समोरच्या बंगल्यातला गीझर गळत असेल. पाना गाडीत असू द्या. धुण्याभांड्यांना बाई न मिळालेली बंगल्यातली मंडळी प्लंबरला मागाल ते पैसे देतात. आणि काम लांबलं तर त्यांच्याच सोफ्यावर पाठ टेकता येते.