सैतान ओळखण्याची तंजावरी पद्धत

मोहापासून सावध राहू इच्छिणाऱ्या भाविकांनी प्रथम शिंगं, शेपूट आणि गंधकाचा वास डोक्यातून काढून टाकावा. कावेरीच्या खोऱ्यातल्या भातखाचरांत असला प्राणी कुणी पाहिलेला नाही. तिथला सैतान धुतलेले कपडे घालतो आणि वेळेवर चर्चला येतो.

सुरुवात सोप्या परीक्षेने करावी. समोरचा धर्मोपदेशक खरा की भोंदू, हे त्याच्या प्रवचनावरून ठरवू नये. प्रवचन भोंदूचंच जास्त रंगतं. हिशेब बघावा. 1779 मध्ये जर्मन मिशनरी श्वार्ट्झ इंग्रजांचा निरोप घेऊन श्रीरंगपट्टणला म्हैसूरच्या हैदरअलीकडे गेला. हैदरने वाटखर्चाला तीनशे रुपये दिले. श्वार्ट्झने ते मद्रासच्या सरकारपुढे ठेवले, आणि ‘तुम्हीच ठेवा’ म्हटल्यावर तंजावरच्या शाळेला देऊन टाकले. आशीर्वादित तेलाची बाटली विकणाऱ्यांना हा प्रसंग सांगून बघावा. चेहरा निरखावा.

दुसरी परीक्षा बैलांची. हैदरशी युद्ध पेटलं तेव्हा तंजावरच्या किल्ल्यात दाणा संपत आला होता. गावांत धान्य होतं, पण आणायला बैल मिळेनात. आधी धान्य वाहून आणल्याचे पैसे लोकांना मिळाले नव्हते, मग सरकारवर कोण विश्वास ठेवणार? श्वार्ट्झने पैशाची हमी स्वतःच्या नावावर दिली. एक-दोन दिवसांत हजारावर बैल आले आणि ऐंशी हजार कलम (हे तिथलं धान्याचं माप) धान्य किल्ल्यात पडलं. पैसेही चुकते झाले. तेव्हा आपल्या पास्टरसाहेबांच्या शब्दावर गावातला एखादा शेतकरी निदान एक बैल सोडेल का, एवढं विचारून घ्यावं. चमत्कारसभेच्या पोस्टरवर याची माहिती नसते.

तिसरी परीक्षा मोहाची; हा मोह फक्त थोरांना होतो, म्हणून आपण घाईत बघू. तंजावरच्या तुळजाजीराजे भोसल्यांनी दत्तक घेतलेला सरफोजी श्वार्ट्झच्या देखरेखीत वाढला. एवढा राजपुत्र हाताशी असताना त्याला बाप्तिस्मा देऊन युरोपात मिरवावं, असं कुणाला वाटलं नसतं? सरफोजीराजे अखेरपर्यंत हिंदूच राहिले, आणि 1798 मध्ये वारलेल्या या गुरूसाठी त्यांनी इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं. मरणशय्येवरचा पाद्री, शेजारी भोसल्यांचा राजा. तंजावरच्या चर्चमध्ये ते आजही आहे. जाहिरात म्हणून अगदीच निरुपयोगी.

आता मुख्य धडा. सरफोजींचा आश्रय लाभलेले ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री यांनी शकुन, मुहूर्त, नजर लागणं यांची आपल्या काव्यात यथेच्छ टर उडवली. मांजर आडवं गेलं म्हणून थबकणारा ख्रिस्ती त्यांच्या तावडीतून सुटला नसता. एवढा जागरूक पहारेकरी! पण नव्या मिशनऱ्यांनी वरच्या मानल्या जाणाऱ्या वेल्लाळ जातीच्या आणि अस्पृश्य मानलेल्या परैयर जातीच्या ख्रिस्त्यांनी एकत्र बसावं, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घ्यावं असा आग्रह धरला, तेव्हा शास्त्रीबुवा वेल्लाळांच्या बाजूने लेखणी घेऊन उभे राहिले. (मिशनऱ्यांनी तमिळ गाणी आणि फुलंही बंद करायचा घाट घातला होता. तिथे मात्र शास्त्रीबुवांचं बरोबर होतं.) पुढे 1833 मध्ये बिशप विल्सनने चर्चमधला जातिभेद संपवण्याचं फर्मान काढलं आणि पुष्कळ वेल्लाळ चर्चच सोडून निघाले. सैतानाला हाकलायला सगळे तयार होते; जागा सोडायला मात्र कुणी तयार नव्हतं.

हा रोग तंजावरचाच, असं समजून कुणी निश्चिंत होऊ नये. नगर असो की वसई, येत्या रविवारी थोडं लवकर जावं आणि आपला नेहमीचा बाक सोडून भलत्याच कोपऱ्यात बसावं. शेजारी कोण येऊन बसतं, कोण सरकतं आणि कोण डोकं दुखतंय म्हणून उठून जातं, याची वहीत नोंद करावी. त्या नोंदीत आपलं नाव आलं, तर भूत उतरवणाऱ्याला तूर्त बोलावू नये. तो फी घेतो.