बिबरीत बिल्डर का आला नाही?

इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्सच्या खेड्यांत शांतता मुबलक, पार्किंग अजिबात नाही. बिबरीत गाडी लावायला जागा मिळेपर्यंत आमच्या इतक्या चकरा झाल्या की आत्या म्हणाली, "दर्शनाआधीच प्रदक्षिणा उरकल्या रे!"

पुढ्यात आर्लिंग्टन रो. 1380 च्या सुमारास लोकर साठवायला बांधलेलं मठाचं कोठार. सतराव्या शतकात त्याचीच विणकरांसाठी घरं केली. मधाच्या रंगाचा चुनखडक. छपरावरही दगडाच्याच चिपा, वळचणीला हातभर आणि आढ्याकडे जाता जाता वीतभर.

आत्या सदाशिव पेठेतली. तिच्या वाड्याच्या जागी आता लिफ्ट आहे, ती बहुधा बंद असते. तिनं रास्त शंका काढली, "इतक्या वर्षांत इथे एकही बिल्डर फिरकला नाही?"

कशाला फिरकेल? एके काळी लोकरीच्या पैशावर या भागात मोठाली चर्चं उभी राहिली. पुढे यंत्रं आली, कापडाचा धंदा यॉर्कशायरकडे सरकला आणि मागे राहिलेल्यांना जुनं पाडून नवं बांधणं परवडेना. गरिबीनं गाव राखलं. ते इतकं छान राखलं गेलं की आता गरिबाला तिथे राहणं परवडत नाही, आणि ज्याला परवडतं त्याला परवानगीवाचून खिडकी बदलता येत नाही.

एवढ्यात कॅमेरावाल्या एका बाईंनी आत्याला बाजूला व्हायची खूण केली. पिवळी साडी, स्वेटर, कानटोपी, स्पोर्ट्स शूज: फ्रेम बिघडत होती. मी आत्याला इथल्या एका आजोबांची गोष्ट सांगितली. त्यांची पिवळी गाडी घराजवळ उभी असायची. फोटोत येते म्हणून पर्यटक कुरकुरायचे. 2017 च्या सुरुवातीला कुणीतरी तिच्या काचा फोडल्या. त्यावर एप्रिलमध्ये ठिकठिकाणच्या पिवळ्या गाड्यांची अख्खी मिरवणूकच गावातून निघाली.

आत्यानं पदर खोचला आणि तिथेच उभी राहिली. पुढे बाईंनीच तिच्यासोबत सेल्फी काढला.

संध्याकाळी बोर्टन-ऑन-द-वॉटरला गेलो. तिथे 1937 पासून त्याच गावाची नवव्या हिश्शाची प्रतिकृती आहे, तीही दगडाचीच. त्या प्रतिकृतीत प्रतिकृती, आणि तिच्याही पोटात आणखी एक. आत्या वाकून बराच वेळ बघत राहिली.

"यातल्या कुठल्या गावात पार्किंग मिळतं, ते विचार बरं."