मांजर उठेपर्यंत संगीत बंद

खोलीत चार सिंथेसायझर, दोन ड्रम मशीन, भिंतीला काळा फोम, जांभळा दिवा आणि त्यातल्या सगळ्यात महागड्या वाद्यावर ताणून दिलेलं मांजर. हा फोटो तुम्ही पाहिलेला आहे. नसेल, तर तुमचा एकही भाचा आयटीत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पुण्यात दोन बेडरूमच्या घरातली दुसरी बेडरूम पूर्वी पाहुण्यांची असे. आता ती स्टुडिओ असते. तिथे संगीत तयार होतं, असं सांगतात. ते ऐकलेला माणूस मात्र मला अजून भेटलेला नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या स्टुडिओमालकाला मी विचारलं, तर तो कुजबुजत म्हणाला, ‘‘काका, झोपलीय ना ती. उठवू कशी?’’

ती म्हणजे रेव्हर्ब. मांजरीचं नाव आहे. त्याची आई तिला रेवा म्हणते.

आता हिशेब बघा. मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपतं. उरलेल्या वेळात ते खातं, अंग चाटतं आणि खिडकीतल्या कबुतरांवर डोळा ठेवतं. तेवढ्या वेळात हा गृहस्थ ऑफिसात असतो. तो घरी येतो तेव्हा ती पुन्हा वाद्यावर. मग वाजणार कधी?

आणि ती वाद्यावरच का, यामागे शास्त्र आहे. जुन्या घडणीच्या अ‍ॅनालॉग सिंथेसायझरचा सूर तापमानाबरोबर सरकतो. म्हणून तो आधी वीस-तीस मिनिटं चालू करून तापू द्यायचा, मग सुरात लावायचा. मांजराला ऊब लागते. वाद्य कोमट झालं की बाईसाहेब हजर. ती बसली की वाजवता येत नाही, आणि बंदही करता येत नाही, कारण ‘‘तिला थंडी वाजेल.’’ म्हणजे अडीच लाखांचं यंत्र रात्रभर चालू, कशासाठी, तर मांजराचं पोट शेकायला! रबरी पिशवीत गरम पाणी भरलं असतं तरी भागलं असतं. पण गंमत पुढेच आहे. मांजराचं अंग असतं अडतीस अंशांच्या वर. ते वाद्याच्या जाळीवर पसरलं की आतली उष्णता कोंडते आणि सूर पुन्हा सरकतो. तेव्हा सूर लावायचा तर मांजरासकट लावायला हवा. यानं तसा लावला! रेव्हर्बला न हलवता, ट्यूनर बघत, श्वास रोखून. लागला. तेवढ्यात स्वयंपाकघरात मासळीच्या पिशवीची चुरचुर झाली, रेव्हर्ब उठून गेली, वाद्य निवलं आणि सूर होता तिथून निसटला. आता यावर उपाय काय? त्यानं मला गंभीरपणे सांगितला: दुसरं मांजर. पहिलं जेवायला गेलं की दुसरं बसेल, तापमान स्थिर राहील. यावर मी काय बोलणार?

तरी बरं, अधूनमधून ती वाजवतेही. पोट टेकलं की एका दमात वीसेक पट्ट्या दाबल्या जातात. वाद्य आठ आवाजांचं, त्यामुळे आठच सूर वाजतात. नववी पट्टी दाबली गेली की सहसा सगळ्यात जुना सूर गळतो. रेव्हर्ब कूस बदलत जाते, सूर गळत जातात, नवे लागत जातात. हे तो रेकॉर्ड करतो. त्याचा आजवरचा पुरा झालेला संगीतसंभार तेवढाच, आणि त्याला नाव दिलंय ‘अ‍ॅम्बियंट’. वाद्यांनी एकमेकांशी बोलायची मिडी ही भाषा १९८३ साली आली. पट्टी किती जोरात दाबली, हे शून्य ते १२७ या आकड्यांत टिपायची सोय तेव्हापासून आहे. एवढी नाजूक नोंद माणसाच्या बोटांसाठी ठेवली होती हो!

शिवाय तो ९६ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करतो. त्यात ४८ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज टिपता येतो. माणसाचा कान वीसला थकतो, मांजराचा साठाच्याही पुढे जातो. म्हणजे या ध्वनिमुद्रणाची खरी जाणकार श्रोती घरात एकच. स्पीकर तेवढे वर जात नाहीत, ही गोष्ट वेगळी. आणि श्रोती घोरतेय, ही आणखी वेगळी.

इथवर मी हसत होतो. पण आमच्या पिढीला पेटीला चुकून पाय लागला तर हात कपाळाला जायचा. तंबोऱ्याला गवसणी असायची, दसऱ्याला तबल्यावर फूल असायचं. आणि आता वाद्यावर चार पाय, एक शेपूट आणि फेडरच्या फटीत पांढरी लव. वर फोटो काढून लोकांना विचारायचं, ‘‘गोड आहे ना?’’ गोड आहे हो! मांजराबद्दल माझी तक्रारच नाही. त्याला ऊब दिसली, ते बसलं. तक्रार आहे ती वाद्य विकत घेऊन ते न वाजवण्याला साधना समजणाऱ्यांबद्दल.

कारण त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, एक मुलगी तबला शिकते. विशारदला बसायचंय तिला. संध्याकाळी तासभर रियाज करायची, तर सोसायटीनं नोटीस लावली: शांतताभंग. तिनं वेळ बदलली, तक्रार आली. खिडक्या लावल्या, तक्रार आली. आता ती डग्ग्यावर टॉवेल टाकून कायदा रगडते. टॉवेल टाकून घुमारा कसा कळणार, हे कमिटीतल्या एकाही माणसाला विचारावंसं वाटलं नाही. हीच कमिटी गणपतीत चौकातल्या स्पीकरच्या भिंतीला वर्गणी देते! काचा थरथरतात, म्हातारी माणसं कानात कापूस घालून बसतात, तेव्हा शांतता भंगत नाही. ती भंगते फक्त एका पोरीच्या धा धा तिरकिटनं. स्टुडिओतला तरुण मात्र कमिटीला आदर्श कलावंत वाटतो. त्याचा कसलाच आवाज येत नाही!

म्हणून मी वर गेलो आणि सरळ मागणी केली. तुझी खोली शेवटच्या मजल्यावर, वर फक्त गच्ची. दिवसभर तू घरात नसतोस. त्या मुलीला तिथे रोज दोन तास बसू दे. तुझ्या फोमनं आवाज बाहेर जायचा थांबत नाही, हे मला ठाऊक आहे, पण निदान कुणाच्या पायाखाली तरी वाजणार नाही.

तो विचारात पडला. मांजरीकडे बघून म्हणाला, ‘‘दिलीच असती, काका. पण रेव्हर्बला अ‍ॅकूस्टिक वाद्यांचा त्रास होतो.’’