दोन मूर्ख मुली

समर्थांनी दासबोधात मूर्खलक्षणे सांगितली, आणि पढतमूर्खाला वेगळा समास दिला. आम्ही नऊ जण इंग्लंडला शिकायला गेलेलो, म्हणजे पढत तर होतोच. पण त्या शनिवारी आमच्यातल्या दोघी साध्या, निव्वळ मूर्ख ठरल्या. त्यांची स्तुती करायलाच मी लिहायला बसलो आहे.

लीड्सहून पहाटेच्या बसने आम्ही लंडनला निघालो. एका दिवसात अकरा ठिकाणे, प्रत्येकी वीस मिनिटे, अशी यादी केलेली. ब्रिटिश म्युझियममध्ये सगळे रोझेटा शिळेकडे धावले. गर्दीत हात उंच करून फोटो काढले, तेवढ्यात वीस मिनिटे संपली. शिळा १७९९ साली सापडली आणि तिच्यावर तीन लिप्या आहेत, हे मला घरी आल्यावर वाचून कळले.

त्या दोघी मात्र ३३अ क्रमांकाच्या दालनात गेल्या, त्या दोन तास बाहेरच आल्या नाहीत. तिथे अमरावतीच्या स्तूपाचे कोरीव चुनखडी दगड आहेत. १८५९ साली ते मद्रासहून लंडनला आले. दोघींपैकी एक पैठणची. सातवाहनांच्या काळात हा स्तूप वाढला हे तिला ठाऊक होते, आणि आपल्या गावच्या राजांच्या काळातले काम तिला इथे, काचेआड, भेटत होते. जुन्या शिल्पांत बुद्ध माणसाच्या रूपात नाही. पावले आहेत, रिकामे आसन आहे, समोर हात जोडलेली माणसे. त्या रिकाम्या आसनापुढे ती मुलगी किती वेळ उभी होती! फोनवर आमचे सतरा कॉल येऊन गेले. तिने एकही घेतला नाही. फार चांगले केले.

टॉवर ब्रिज राहिला. राजवाडा राहिला. बाकीचे चिडले.

दुसरीचा मूर्खपणा तर याहून थोर. याच म्युझियमच्या वाचनालयात बाबासाहेब दिवस दिवस वाचत बसायचे, तेव्हा आता ते राहायचे तिथे जायचेच, असे तिने जाहीर केले. यादीत ते घर नव्हतेच. टॉटनहॅम कोर्ट रोडहून नॉर्दर्न लाइनने चॉक फार्म, पुढे पायी. किंग हेन्रीज रोडवरचे १० नंबरचे घर, १९२१-२२ सालचा मुक्काम सांगणारा फलक. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते विकत घेतले. ती फलकासमोर उभी राहिली आणि रडली. परतीची बस चुकेल, असे कुणी म्हटले नाही.

बस चुकली. रात्र आम्ही स्थानकाच्या बाकांवर काढली आणि पहाटेपर्यंत पैठणची मुलगी त्या रिकाम्या आसनाबद्दल बोलत राहिली. माझ्या फोनमध्ये त्या दिवसाचे दोनशे फोटो आहेत. आठवते ते तिचे बोलणे.

तुमची मुले शिकायला तिकडे जात असतील तर त्यांच्या यादीतली दहा नावे खोडायला सांगा. म्युझियमला तिकीट नाही, आणि ३३अ दालनात गर्दी नसते.